किसणी कुठे गेली?

१

चहाचं आधण आटलं, भांड्याचं बूड करपलं, वास साऱ्या कचेरीत भरला. तरी उठून गॅस बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी चौकशीबाई उठल्या. बटण पिळलं, भांडं नळाखाली धरलं, चर्र झालं. बाकीच्यांपैकी कुणी मानसुद्धा वळवली नाही.

किसणी नाहीशी झाली होती.

किसणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. टायरच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत जी संस्था चाले, तिचं काम म्हणजे ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यामागे उभं राहायचं. कुणाला विनाकारण डांबलं, कुणाचं घर न सांगता पाडलं, कुणी पोलीस चौकीत गेला तो परत आलाच नाही, की माणसं हा अरुंद जिना चढायची. अशा प्रकरणांत साक्षीदार म्हणजे वाऱ्यावरचा दिवा. म्हणून इथे साक्षीदारांना स्वयंपाकघरातली नावं असत. पळी, चाळण, उलथनं. खरं नाव आणि घर ठाऊक फक्त तिघांना: संस्था चालवणाऱ्या ताई, वकीलसाहेब आणि साक्षी ऐकून घेणारी धाकटी.

आताचं प्रकरण पंखे दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचं होतं. चोरीच्या संशयावरून त्याला चौकीत नेलं आणि तिथेच तो गेला. चौकीचं म्हणणं, कोठडीत छातीत कळ आली. त्याला कोठडीबाहेर काढलंच नव्हतं, असं ते सांगत. पण चौकीच्या मागच्या अंगणावर एका चार मजली इमारतीची स्वयंपाकघरं उघडतात. त्यातल्या एका खिडकीतून किसणीने त्याला अंगणात मार खाताना पाहिलं होतं. इमारतीतल्या कुणीतरी पाहिलंय, एवढं चौकीला कुणकुणलं होतं. कुणी, ते नव्हतं कळलं. शुक्रवारी चौकशीला नेमलेल्या निवृत्त न्यायाधीशांपुढे किसणीची साक्ष व्हायची होती. ती झाली तर प्रकरण उभं राहणार. नाही झाली तर पोराच्या नावावर छातीतली कळ कायमची लागणार.

धाकटी रोज सकाळी बसने त्या चौकीमागच्या रस्त्याने यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत लाल टॉवेल वाळत असला की समजायचं, सगळं ठीक. काल टॉवेल नव्हता. धाकटीला वाटलं, धुवायला टाकला असेल. आज टॉवेलही नव्हता आणि खिडकीतली कुंडीही नव्हती. फोन बंद.

"बाई," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा सपाट, जणू भाजीचा भाव सांगतायत. "तुम्ही जन्मभर कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकशा केल्यात. कुणाचा हात यंत्रात गेला की तुम्ही हजर. इथे आमचा गळा गेलाय."

चौकशीबाईंनी मान हलवली. काहीतरी वाटायला हवं होतं, भीती, निदान काळजी. पण गेल्या वर्षी यजमान गेले तेव्हापासून त्यांच्या मनावर जसा काही घट्टा पडला होता. टोचलेलं कळे, दुखत नसे. घरातली शांतता सोसवेना म्हणून त्या या संस्थेत येऊन बसू लागल्या होत्या, एवढंच.

दाराशी बाकावर त्या पोराची आई बसली होती. रोज येई, रोज तिथेच बसे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चौकीने परत दिलेली पोराची चप्पल. एकच पायातली.

"त्याच्या पायात काय होतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तेवढं त्या बाईला विचारायचं राहिलं."

साक्ष पढवली असा बोल लागू नये म्हणून साक्षीदाराची आणि घरच्यांची भेट होऊ द्यायची नाही, हा संस्थेचा नियम. त्यामुळे आईने किसणीला कधी पाहिलंही नव्हतं.

ताईंनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तिघांनाच माहीत होतं, बाई. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय. कोण, ते मला सांगा."

२

वकीलसाहेब दाढेखाली लवंग धरून बोलत. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य जरा चावलेलं बाहेर पडे.

"चौकीच्या साहेबाबरोबर मी चहा पितो, हेच ना सांगितलं ताईंनी? पितो. वैऱ्याच्या चुलीपाशी बसल्याशिवाय वैरी काय शिजवतोय ते कळत नाही."

"मग काय शिजत होतं?"

"गेल्या आठवड्यात मला म्हणाला, 'वकीलसाहेब, इमारतीत घरं पुष्कळ, पण तोंड उघडणारं एकच. आज ना उद्या सापडेल.' म्हणजे तोवर त्याला पत्ता नव्हता. मी विकलं असतं तर चहावर नसतं भागवलं, निदान जेवण मागितलं असतं." ते स्वतःच्याच विनोदावर हसले नाहीत. "त्या लांबूला विचारा. त्याचा सख्खा मेहुणा चौकीत शिपाई आहे."

लांबू म्हणजे संस्थेचा फिरता माणूस. ताडासारखा उंच, दारातून वाकूनच आत येणारा. वस्तीवस्तीत जाऊन माणसांना गोळा करणं, सभेला खुर्च्या मांडणं, भिंती रंगवणं, सगळं त्याच्याकडे.

"मेहुणा!" लांबूने कपाळावर हात मारला. "बाई, तो माझ्याशी बहिणीच्या लग्नापासून बोलत नाही. पंगतीत त्याच्या पानात मीठ वाढायचं राहिलं म्हणून. अशा माणसाला मी काय खबर देणार? आणि देऊ तरी काय? किसणी बाई आहे का बुवा, हेसुद्धा आज कळलं मला."

"त्या इमारतीत तू गेला होतास ना?"

"गेलो होतो. पिवळी स्टिकरं लावायला. 'अटक झाली तर तुमचे हक्क', खाली आपला फोन नंबर. चौकीला लागून असलेल्या सगळ्याच इमारतींत लावली, दारोदार. आपल्याकडे विचारल्याशिवाय लावायचं नाही, म्हणून प्रत्येकाला विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही. पोरं तर म्हणाली, काका, आणखी द्या."

राहिली धाकटी. ती कपाटाला टेकून उभी होती. रडून झालं होतं की रडू आलंच नव्हतं, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"ती मला घाबरत घाबरत सांगत होती, बाई. मध्येच म्हणाली, राहू दे, मी काही पाहिलं नाही. एकटी राहते ती. मी तिचा हात धरला आणि शब्द दिला."

"काय शब्द?"

"की आमच्या पायाची धूळसुद्धा तुमच्या दाराशी येणार नाही. तिथून पुढे मी एकदाही गेले नाही. नुसता टॉवेल बघायची." तिने ओठ दाबला. "मी शब्द पाळला, बाई. अगदी जिवापाड पाळला."

चौकशीबाईंना ती खरं बोलतेय हे कळत होतं. वकीलही खरं बोलत होते. लांबूही. तिघं खरं बोलत होते आणि तरी कुणीतरी घर दाखवलं होतं.

पायात चपला सरकवताना त्यांना बाकावरचा आवाज ऐकू आला. "तिला मारलं असेल का हो?"

त्या जिना उतरल्या.

३

इमारतीत शिरताना चौकशीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि हातात केळ्यांची फणी धरली. विचारलंच कुणी तर लांबची मावशी.

जिन्याला फिनेलचा वास होता. खालच्या दोन्ही मजल्यांवर लांबूची पिवळी स्टिकरं दारादारांवर चिकटलेली. एकावर पोरांनी मिशा काढल्या होत्या, एकावर कुणी दूधवाल्यासाठी 'उद्या नको' लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर एका स्टिकरखाली खेळण्यातल्या वाघाचं चित्र, दुसऱ्याचा कोपरा निघून वाऱ्यावर फडफडतोय. अगदी टोकाला किसणीचं दार. आकाशी निळा रंग, ठिकठिकाणी पोपडे उडालेले, मधोमध एक रिकामा खिळा. कडीला कुलूप.

त्या कुलपाला हात लावणार, तोच शेजारचं दार उघडलं.

"कोण पाहिजे?" पांढऱ्या केसांची, गळ्यात शिंप्याची टेप लोंबणारी बाई. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या मजल्यानेही ऐकावा.

"भाचीकडे आले होते. मावशी मी."

"तिला मावशी आहे हे तिनं कधी सांगितलं नाही!"

"मीही सगळीकडे सांगत नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "भाच्या उसने पैसे मागतात."

म्हातारीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. पण ती दारातून हलली नाही. बाईंनी केळी तिच्या हातात दिली, गुडघा दुखतोय म्हणाल्या, आणि घरात नव्हे, उंबऱ्यावरच बसकण मारली. कारखान्यात त्यांनी हेच केलं होतं: यंत्राशी आधी बोलायचं नाही, यंत्राशेजारी जो डबा खातो त्याच्याजवळ बसायचं. हळूहळू म्हातारी बोलती झाली. परवा संध्याकाळी दोन माणसं आली होती. बूट चांगले, कपडे साधे.

"मी चाळणीनं तांदूळ चाळत होते. जिन्यावर कुणाला काही विचारलं नाही, इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. पहिल्या मजल्यावरून चालत आले ते थेट तिच्या दाराशी. आणि वर काय विचारतात? 'बाई, तुमचं नाव काय?'"

"नाव विचारलं? दार माहीत आणि नाव नाही माहीत?"

"तेच तर! मग आत गेले. भिंतीतून शब्द कळले नाहीत. आवाज वाढवला नव्हता त्यांनी. आवाज न वाढवणाऱ्यांचीच भीती वाटते मला."

"त्याआधी कुणी अनोळखी आलं होतं?"

"विजेचा मीटर बघणारा आला होता. मीटर सगळे खाली जिन्याशी आहेत हो! हा शहाणा वरपर्यंत फिरला. काही वाचलं नाही, कुठे वाकला नाही. नुसता दारं बघत गेला, लग्नाला मुलगी बघावी तसा."

किल्ली म्हातारीकडेच होती. बाईंनी किसणीची खोली पाहिली. गादी घडी करून ठेवलेली. चहाचं भांडं धुऊन पालथं. झटापट नाही, घाई नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली चौकीचं अंगण दिसलं. नळ, एक मोडकी खुर्ची, आणि नळाखालून जाणारं उघडं गटार. खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीचं ओलसर गोल वळं तेवढं उरलं होतं.

निघताना म्हातारीच्या खोलीत नजर गेली. शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धवट झबलं, मोरीत दोन ताटं, स्टुलावर चहाच्या बशीत ठेवलेली एक कुंडी.

"मी एकटीच असते!" म्हातारी पुन्हा मोठ्याने म्हणाली, आणि बाईंच्या तोंडावर दार लावलं.

बाई त्या बंद दारापुढे क्षणभर उभ्या राहिल्या. दारावरचं पिवळं स्टिकर त्यांच्या नाकासमोर होतं. मग त्यांनी मान वळवून निळ्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा समोर. मग संपूर्ण मजल्याकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि गेल्या वर्षापासून गार पडलेल्या त्यांच्या छातीत कुठेतरी बारीकसं टोचलं.

४

कचेरीत भांडण पेटून विझलं होतं. कुणीतरी कपाटाची किल्ली टेबलावर आपटली होती, ती तशीच पडली होती. लांबू दारात उभा, डोळे लाल.

"मी लांबूला काढून टाकतेय," ताई म्हणाल्या. "आणि न्यायाधीशांना कळवतेय की आमच्याकडे साक्षीदार नाही. दुसऱ्या कुणाचा जीव घालवायची माझ्यात ताकद नाही, बाई."

"मग तिचा मुलगा?" बाईंनी बाकाकडे बोट केलं.

आई पिशवीवर हात फिरवत होती, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा.

"लांबू, इकडे ये. स्टिकरं लावताना कुणी नाही म्हणालं नाही, असं तू सांगितलंस. मग तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या निळ्या दारावर का नाही लावलंस?"

लांबूने आठवून पाहिलं. "तिथे? तिथे तान्हं बाळ असतं ना. कडी वाजली की रडतं. त्या दाराशी जाऊ नको म्हणून मला आधीच सांगितलं होतं."

"त्या घरात बाई एकटी राहते, लांबू. तिथे बाळ नाही, पाळणा नाही, एक झबलंसुद्धा नाही. कुणी सांगितलं तुला?"

त्याची नजर आपोआप जिकडे गेली तिकडे सगळ्यांची गेली.

कपाटाला टेकलेली धाकटी हळूहळू खाली बसली.

"धाकटे?" ताईंचा आवाज चिरला. "तू?"

५

"थांबा," चौकशीबाई म्हणाल्या. "एवढ्यात कुणाला सुळावर नका चढवू. बसा सगळे. वकीलसाहेब, ती लवंग थुंका, नीट ऐकू येत नाही तुम्हाला."

वकिलांनी खरंच थुंकली.

"आलेल्या माणसांनी जिन्यावर कुणाला विचारलं नाही. म्हणजे दार त्यांना आधीच ठाऊक होतं. पण नाव ठाऊक नव्हतं, नाव तर त्यांनी तिलाच विचारलं. आता मला सांगा, तुमच्यापैकी कुणी तिला विकलं असतं तर काय विकलं असतं? नाव. माणूस फुटतो तेव्हा आधी नाव फुटतं. दार माहीत आणि नाव नाही, अशी खबर माणूस देत नाही."

"मग कोण देतं?" ताई म्हणाल्या.

"दार देतं." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "त्या खोट्या मीटरवाल्याने काय पाहिलं? त्याने काही वाचलं नाही, तो नुसता दारं बघत गेला. पिवळं, पिवळं, पिवळं. सगळ्या इमारतीत पिवळं. आणि एक निळं, कोरं. त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? साक्षीदार या इमारतीतलाच आहे हे त्यांना कळलं होतं. मग ज्या संस्थेने घराघराच्या दारावर आपला हात उमटवला, तिने हे एकच दार का टाळलं? ज्याला झाकायचं असतं त्याच्याकडे आपण बघत नाही. सगळे बघत असताना एकाकडेच बघायचं टाळलं, की बघणाऱ्याला बरोबर कळतं."

खाली दुकानात कुणीतरी टायर आपटला. कुणी दचकलं नाही.

"मी तिला शब्द दिला होता," धाकटी म्हणाली. स्वतःचे हात ती परक्याचे असावेत तशी बघत होती. "आमची धूळसुद्धा येणार नाही म्हणून. लांबूदादा स्टिकरं घेऊन निघाला तेव्हा मला धस्स झालं. दारावर आपला कागद बघून ती घाबरेल. खरं कारण सांगता येईना, मग बाळाची थाप मारली. मी... मी दाखवलं तिला. मीच."

"मी कारखान्यांत हात तुटलेली माणसं बघितली," बाई म्हणाल्या. "मालक दर वेळी विचारायचा, चूक कोणाची? आणि दर वेळी सापडायचा कोण? सगळ्यात काळजीने काम करणारा. फडक्याने यंत्र रोज पुसणारा. फडकंच अडकतं, पोरी. आळशाचं फडकं खुंटीला असतं."

धाकटी रडली नाही. ताई उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, त्याही रडल्या नाहीत. लांबूने मात्र नाक शिंकरलं. "म्हणजे माझा मेहुणा सुटला," तो पुटपुटला. "वाईट झालं."

"पण बाई," वकीलसाहेब म्हणाले, "किसणी कुठाय?"

चौकशीबाईंनी बाकावरच्या आईकडे पाहिलं.

"चला," त्या तिला म्हणाल्या. "पिशवी घ्या. ताई, तुमचा तो भेटू न देण्याचा नियम आज दुपारपुरता मोडते आहे. कोणी काही पढवणार नाही. फक्त विचारायचं ते विचारू द्या. आणि लांबू, एक स्टिकर दे."

६

या वेळी त्यांनी निळं दार ठोठावलं नाही. शेजारचं ठोठावलं.

"पुन्हा तुम्ही?" म्हातारीने टेप गळ्याभोवती आवळली. "सांगितलं ना, मी एकटीच असते!"

"शिंपीणबाई, घाबरून पळणारा माणूस भांडं धुऊन पालथं घालत नाही. आणि कुंडी तर नेतच नाही. नेलीच तर लांब नेत नाही." बाई हळू बोलत होत्या. "मोरीत दोन ताटं होती. तुम्ही छान जागा निवडलीत. पिवळा कागद लावलेलं दार आता कुणी ठोठावणार नाही. आत येऊ द्या, मागे पोराची आई आहे."

म्हातारीने आईकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. मग बाजूला झाली.

शिवणयंत्रामागच्या पडद्याआड, घडी केलेल्या कापडांच्या गठ्ठ्यावर किसणी बसली होती. पन्नाशीची, सडपातळ, अंगावर लाल टॉवेल शालीसारखा घेतलेला. तिच्या चेहऱ्यावरही राग नव्हता, भीती नव्हती. सगळं वापरून संपल्यासारखं.

"मला वाटलं, तुम्हीच विकलंत मला," ती म्हणाली. "म्हणून फोन बंद केला. त्या दोघांतला एक जण माझ्या दारावर तळवा फिरवत होता. म्हणाला, 'सगळ्यांच्या दारावर आहे, इथे का नाही?' मला उत्तर देता येईना. माझं तोंड बघून तो हसला. शुक्रवारी घराबाहेर पडू नका म्हणाला."

"विकलं नाही," बाई म्हणाल्या. "फार जपलं. चुकलो."

किसणीने मान हलवली. या दोहोंतला फरक तिला कळला की नाही, सांगता येत नव्हतं. कदाचित फरक मोजायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

आई मात्र पुढे झाली. तिने प्रस्तावना केली नाही. पिशवीतून चप्पल काढली, उजव्या पायाची, अंगठ्याशी तारेने शिवलेली, आणि किसणीच्या पायाशी ठेवली.

"त्याच्या पायात काय होतं?"

किसणी त्या चपलेकडे बघत राहिली.

"एकच होती," ती म्हणाली. "दुसरी नळापाशी निघून पडली होती. तो तिच्याकडे हात करत होता. बाकी काही नाही मागितलं त्याने, तेवढीच. एकाने ती लाथेने गटारात ढकलली." ती थांबली. "तिलाही तार होती. उन्हात चमकली म्हणून दिसली मला."

"मीच शिवली होती," आई म्हणाली. "नवी घे म्हटलं तर नको म्हणाला."

म्हणजे पोराला अंगणात आणलं होतं. छातीतली कळ कोठडीतली, आणि चप्पल नळापाशी. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. आणि ते गटार अजून तिथेच होतं, उघडं. चौकशीबाईंच्या डोक्यात हे सगळं आपोआप जुळत गेलं, जन्माची सवय. पण कीर्तनात बुवा थांबतात आणि नुसती वीणा वाजत राहते, तसं काहीतरी त्या खोलीत चाललं होतं. मध्ये शब्द घालायची ही जागा नव्हती.

आई चप्पल उचलून पुन्हा पिशवीत ठेवू लागली. पिशवीचं तोंडच तिला सापडेना. किसणीने वाकून पिशवी उघडून धरली.

मग किसणी म्हणाली, "शुक्रवारी मला पडद्यामागे बसवणार होतात ना?"

"हो. चेहरा दिसणार नाही."

"पडदा नको. तुम्ही लपवलंत की मी जास्त दिसते."

"भीती नाही वाटत?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"वाटायला हवी. वाटतच नाहीये काही." किसणीने टॉवेल खांद्यावरून काढून त्याची घडी घातली. "आधी हिला सांगायचं होतं, ते सांगून झालं. आता त्यांना सांगायला काय?"

"मग मी बरोबर येते," म्हातारी म्हणाली. "आणि जिन्यावरून जाताना दारं वाजवत जाते. बघू या, मीटरवाला किती जणींना मोजतो ते."

किसणीने स्टुलावरची कुंडी घेतली, निळं दार उघडलं आणि ती पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, वळ्यावर बरोबर बसवून. शेजारी लाल टॉवेल टाकला. उद्या सकाळी बसमधून कुणीतरी मान वर करून बघणार होतं.

चौकशीबाईंनी पदराआडचं स्टिकर काढलं. संस्थेची पद्धत त्यांना पाठ होती.

"लावू का?"

किसणीने मान डोलावली.

स्टिकर जरा तिरकंच बसलं. बाईंचा हात काही लांबूसारखा पोचत नव्हता. खालचा कोपरा निघून निघून येत होता. तेव्हा मागून आईचा हात पुढे आला. तिने अंगठा त्या कोपऱ्यावर टेकवला आणि दाबून धरला; चिकटल्यावरही धरूनच राहिली.